यंत्राची शिदोरी कोणाच्या घरची?

३ जुलै २०२५ रोजी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजेच सेबीने, जेन स्ट्रीट या अमेरिकी व्यापारसंस्थेविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि सुमारे ४,८४३ कोटी रुपये अडकवून ठेवण्याचे निर्देश दिले. बँक निफ्टीच्या ऑप्शन व्यवहारांच्या समाप्तीच्या दिवशी सकाळी बँकांचे समभाग आणि वायदे मोठ्या प्रमाणावर खरेदी करून निर्देशांक वर न्यायचा, त्याच वेळी ऑप्शनच्या बाजारात उलट बाजू धरायची आणि दुपारी ती खरेदी विकून टाकून निर्देशांक खाली येऊ द्यायचा, असा सेबीचा आरोप आहे. जानेवारी २०२३ ते मार्च २०२५ या काळात या समूहाने भारतीय बाजारातून सुमारे ३६,५०० कोटी रुपयांचा नफा मिळविल्याचे त्या आदेशात नमूद आहे. संस्थेने आरोप नाकारले, रक्कम स्वतंत्र खात्यात भरली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्रतिभूती अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. दोषी कोण आणि निर्दोष कोण याचा निवाडा न्यायासन करील. त्यात आपण पडण्याचे कारण नाही.

परंतु या निमित्ताने एका मूलभूत प्रश्नाकडे समाजाचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. आज देशोदेशींच्या बाजारांत माणसाच्या आधी यंत्र निर्णय घेते. ते निर्णय घेण्याइतके शहाणे कसे झाले? त्याला कोणी, कशावर आणि कोणाच्या पैशावर शिकविले? कोट्यवधींच्या आकड्यांची चर्चा वृत्तपत्रांनी भरपूर केली. या शिकवणीची चर्चा मात्र फारशी झाली नाही. वस्तुत: मध्यमवर्गीय कुटुंबाची बचत, तरुण पिढीची बुद्धी आणि राष्ट्राचे आर्थिक स्वातंत्र्य या तिन्ही गोष्टी याच प्रश्नाशी जोडलेल्या आहेत.

प्रथम परिस्थितीचे गांभीर्य लक्षात घेऊ. वायदे आणि ऑप्शन बाजाराविषयी सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या बाजारात उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. अशा व्यापाऱ्यांची संख्या एक कोटीहून अधिक होती आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला. २०२३-२४ मध्ये या बाजारात असलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांचे जाहीर वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी होते. तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर पोहोचले. जुलै २०२५ मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासातही चित्र फारसे पालटले नाही. २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले आणि त्यांचा निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी रुपयांवर गेला.

हा पैसा कोठे गेला, याचेही उत्तर पहिल्या अभ्यासात आहे. व्यवहारखर्च धरण्यापूर्वीचे २०२३-२४ चे आकडे पाहिले, तर स्वत:च्या भांडवलावर व्यापार करणाऱ्या दलाली संस्थांना सुमारे ३३,००० कोटी आणि विदेशी संस्थागत गुंतवणूकदारांना सुमारे २८,००० कोटी रुपयांचा नफा झाला. या नफ्यापैकी अनुक्रमे ९६ आणि ९७ टक्के नफा संगणकाच्या आज्ञावलीने आपोआप केलेल्या व्यवहारांतून, बाजाराच्या भाषेत ‘अल्गो’मधून आला. एका बाजूला घरात बसून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट फिरविणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला डोळ्याचे पाते लवायच्या आत शेकडो मागण्या नोंदविणारे यंत्र असा हा सामना आहे. तो बरोबरीचा नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही.

या यंत्राची शिकवणी कशी चालते, हे समजून घेणे फारसे अवघड नाही. आपल्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्याची जुनी पद्धत आहे. दिवसभरात जे घडेल ते त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरायचे आणि नंतर ते खात्यावार लावायचे. यंत्रशिक्षणासाठी लागणारी विदा, ज्याला इंग्रजीच्या सवयीने आपण डेटा म्हणतो, ती अशीच एक रोजकीर्द असते. फरक इतकाच की ती लिहिणारा मुनीमही यंत्रच असतो. स्वयंचलित व्यापार करणाऱ्या आज्ञावलीच्या पोटातच एक भाग असा रचलेला असतो, की निर्णयाच्या प्रत्येक क्षणी तो एक ओळ लिहितो. समजा, सकाळचे सव्वादहा वाजले आहेत. गेल्या पाच मिनिटांत निफ्टी किती हलला, किती उलाढाल झाली, खरेदीदार आणि विक्रेते किती खोल रांगेत उभे आहेत, चढउतारांचा वेग काय, ही त्या क्षणाची लक्षणे झाली. ती ओळीच्या डाव्या बाजूस लिहायची. मग थांबायचे. ठरलेल्या अवधीत भाव आधी नफ्याच्या रेषेला शिवला की तोट्याच्या, हे घडल्यावर उजव्या बाजूस फळ लिहायचे. लक्षणे आणि फळ मिळून एक ओळ पूर्ण होते. अशा लक्षावधी ओळी साठल्या, की त्या शिकणाऱ्या प्रणालीपुढे ठेवल्या जातात आणि कोणत्या लक्षणांमागून कोणते फळ येते, याची सांगड ती घालू लागते.

ही रोजकीर्द तीन ठिकाणी लिहिली जाते. जुन्या भावांवर आज्ञावली चालवून, म्हणजे झालेला बाजार पुन्हा खेळवून, ती भराभर लिहिता येते. चालू बाजारात, पण प्रत्यक्ष पैसे न लावता, ती सावकाश लिहिता येते. आणि खरे पैसे लावून, खऱ्या खरेदी-विक्रीतून ती लिहिता येते. पहिला मार्ग स्वस्त आणि सर्वांत फसवा. तिसरा महाग आणि सर्वांत खरा. या व्यवसायात उतरलेले बहुतेक तरुण पहिल्याच मार्गाने जातात आणि तेथेच फसतात.

फसण्याच्या वाटा जाणून घेण्यासारख्या आहेत. पहिली वाट भविष्य वर्तमानात मिसळण्याची. सव्वादहाच्या ओळीत त्या दिवसाचा सर्वोच्च भाव लक्षण म्हणून लिहिला गेला, तर यंत्राला संध्याकाळचे उत्तर सकाळीच मिळाले. वर्षभराच्या आकड्यांची सरासरी काढून ती वर्षाच्या पहिल्याच दिवसाच्या ओळीत वापरली, तरी तोच दोष घडतो. उत्तरपत्रिका हाती ठेवून परीक्षेला बसलेल्या मुलाला शंभरपैकी शंभर गुण मिळणारच. खऱ्या परीक्षेत तो पहिल्या प्रश्नालाच अडतो.

दुसरी वाट मेलेल्यांना विसरण्याची. आज निफ्टीत असलेल्या पन्नास कंपन्या घेऊन त्यांच्या मागच्या वीस वर्षांवर यंत्राला शिकविले, तर त्याला केवळ टिकलेल्या कंपन्या दिसतात. ७ जानेवारी २००९ रोजी ज्या सत्यमच्या हिशेबातील अफरातफर तिच्या अध्यक्षांनीच कबूल केली, ती सत्यम तेव्हा निफ्टीत होती आणि त्यानंतर काही दिवसांतच ती काढली गेली. येस बँकही मार्च २०२० पर्यंत निफ्टीत होती. आजच्या यादीवर पोसलेल्या यंत्राला सत्यम ठाऊकच नसते. पडलेला समभाग पुन्हा उठतोच, असे ते शिकते, कारण जे उठलेच नाहीत ते त्याच्या पाठ्यपुस्तकातून आधीच गाळले गेलेले असतात.

तिसरी वाट अर्धीच वही लिहिण्याची. आज्ञावलीने व्यवहार केला तेव्हाच ओळ लिहिली आणि व्यवहार टाळला तेव्हा काहीच लिहिले नाही, तर टाळणे योग्य होते की अयोग्य, हे यंत्राला कधीच कळत नाही. चौथी वाट खर्च विसरण्याची. दलाली, रोखे व्यवहार कर, मुद्रांक आणि मागितलेला भाव व मिळालेला भाव यांतील फरक हे सारे वहीत धरले नाही, तर कागदावर भरघोस दिसणारा नफा प्रत्यक्षात तोटा निघतो. आणि पाचवी वाट अप्रामाणिक चिकाटीची. हजार रचना करून पाहायच्या, त्यातली एक योगायोगाने चमकली की तिचेच आलेख जगाला दाखवायचे आणि उरलेल्या नऊशे नव्याण्णवांचा उल्लेखही करायचा नाही.

याखेरीज बाजाराचे नियम पालटतात, ही एक अडचण आहेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रत्येक बाजाराला एकाच प्रमुख निर्देशांकावर साप्ताहिक ऑप्शन ठेवण्याचे बंधन घातले आणि बँक निफ्टीचे साप्ताहिक व्यवहार बंद झाले. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीच्या समाप्तीचा वार गुरुवारवरून मंगळवारवर आला. त्याआधीच्या गुरुवारांवर घोटून तयार झालेले यंत्र जे जग शिकले, ते जग आता अस्तित्वात नाही. तसेच ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलाली संस्थेकडून चुकीने गेलेल्या सुमारे ६५० कोटी रुपयांच्या विक्रीच्या मागण्यांमुळे निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांहून अधिक घसरला होता. ती नोंद न तपासता यंत्रापुढे ठेवली, तर एका माणसाच्या हातून झालेली चूक यंत्र बाजाराचा स्वभाव म्हणून शिकेल.

येथे आपल्या परंपरेतील एका मोठ्या शिस्तीचे स्मरण होते. भारतीय ज्योतिर्गणितात गणित आणि आकाश यांची गाठ पडते की नाही, या कसोटीला दृक्प्रत्यय असे नाव आहे. गणिताने सांगितलेल्या वेळी ग्रहण दिसले नाही, तर दोष आकाशाचा नसतो, गणिताचा असतो, ही त्यामागील भूमिका. केरळातील परमेश्वर या आचार्यांनी अनेक वर्षे ग्रहणांची निरीक्षणे केली, पूर्वसूरींच्या गणितात आणि प्रत्यक्षात पडलेले अंतर पाहिले आणि इ. स. १४३१ मध्ये ‘दृग्गणित’ सिद्ध केले. आर्यभटांविषयी त्यांच्या मनात अपार आदर होता. तरीही निरीक्षणाने जे सुधारणे आवश्यक ठरविले, ते त्यांनी सुधारले. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांनी पंचांग दृक्प्रत्ययी असावे असा आग्रह धरला, तोही याच भूमिकेतून. परंपरेचा अभिमान आणि सत्याचा आग्रह यांत या मंडळींना कधी विरोध दिसला नाही.

यंत्राची रोजकीर्द लिहिणाऱ्या तरुणाला यापेक्षा नेमका धडा दुसरीकडे मिळणे कठीण. भाकीत आधी लिहून ठेवायचे आणि त्याची वेळही लिहून ठेवायची. फळ नंतर लिहायचे. एकदा लिहिलेली ओळ खोडायची नाही. जुळले नाही ते लपवायचे नाही. शिकण्यासाठी वापरलेल्या काळाच्या पुढचा, यंत्राने कधीही न पाहिलेला काळ कसोटीसाठी राखून ठेवायचा आणि त्याला पुन:पुन्हा हात लावायचा नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात हिशेबांसाठी अक्षपटल या स्वतंत्र कार्यालयाची योजना केली आणि राजकोशाच्या अपहाराचे चाळीस प्रकार नोंदविले. त्यांतील कित्येक प्रकार चुकीच्या नोंदींचे आहेत, घडलेल्या गोष्टीची वेळ किंवा रक्कम पालटून लिहिण्याचे आहेत. हिशेबाच्या वहीतील लबाडी ही राज्य पोखरणारी कीड आहे, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते. वही कागदाची असो वा संगणकाची, न्याय तोच.

हे सारे तंत्रज्ञांपुरते आहे, असे समजून गृहस्थाश्रमी वाचकाने पान उलटू नये. भारतातील डीमॅट खात्यांची संख्या २०२५ मध्ये २० कोटींच्या पुढे गेली आणि गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात अग्रेसर आहे. घरोघरी असा एखादा तरुण किंवा नुकतेच निवृत्त झालेले काका सापडतात, ज्यांच्या भ्रमणध्वनीवर ‘आमचा रोबो महिन्याला अमुक टक्के मिळवून देतो’ असे संदेश येत असतात. सोबत मागच्या पाच वर्षांचा सतत चढत जाणारा आलेख असतो. हा आलेख बहुधा वर सांगितलेल्या पाच वाटांपैकी एखाद्या वाटेने तयार झालेला असतो. भविष्य निर्वाह निधीची रक्कम, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसे, गावाकडची जमीन विकून आलेली पुंजी या आलेखाच्या भरवशावर खर्ची पडते. अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसाने तीन साधे प्रश्न विचारावेत. हा आलेख खऱ्या पैशाच्या व्यवहारांचा आहे की जुन्या भावांवर चालविलेल्या आज्ञावलीचा? यात खर्च धरलेला आहे काय? आणि ज्या काळावर यंत्र शिकले, त्याच्या नंतरच्या काळात त्याने काय केले? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने सामान्य गुंतवणूकदारांच्या अल्गो व्यवहारांसाठी चौकट आखली. त्यानुसार अल्गोची बाजाराकडे नोंद हवी, त्यावरून आलेल्या प्रत्येक मागणीवर ओळखीची खूण हवी आणि ज्या अल्गोचा तर्क ग्राहकाला उघड केलेला नाही, अशा बंद पेटीच्या अल्गोवाल्याने संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी केलेली हवी. हे पाऊल स्वागतार्ह आहे. विदेशी चलनाच्या व्यवहारांचे आमिष दाखविणाऱ्या अनधिकृत मंचांची ३४ नावांची सावधानतेची यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली आणि पुढे तीत भर पडत गेली. स्वयंचलित ‘रोबो’ विकणाऱ्यांचा मोठा बाजार अशाच मंचांभोवती भरतो. नियमांची भिंत उभी आहे. पण आपणच खिडकीतून बाहेर उडी मारली, तर भिंतीला दोष देता येणार नाही.

आता राष्ट्राच्या दृष्टीने विचार करू. सामान्य माणसाची प्रत्येक मागणी, त्याची घाई, त्याची भीती, समाप्तीच्या दिवशी दुपारी दोननंतरची त्याची धडपड या सर्वांचे ठसे बाजाराच्या विदेत उमटतात. माणूस कोठे घाबरतो आणि कोठे लोभात पडतो, हे यंत्र त्यावरूनच शिकते. म्हणजे ज्या १.८ लाख कोटींचा तोटा आपल्या लोकांनी सोसला, त्याच्या पोटी यंत्रांच्या शिकवणीची शिदोरीही आपल्याच लोकांनी बांधून दिली. शिदोरी आमच्या घरची आणि प्रवास दुसऱ्याचा, अशी ही स्थिती आहे.

तिच्यावर उपाय दुहेरी हवा. देयक व्यवहारांची विदा भारतातच साठविली पाहिजे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये घातला. तेव्हा मोठमोठ्या विदेशी कंपन्यांनी कुरकुर केली, पण शेवटी नियम पाळावा लागला. नागरिकाच्या वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. भांडवली बाजारातील ग्राहकाच्या व्यवहारांची विदा दलाली संस्थांनी, त्यांच्या भ्रमणध्वनी उपयोजनांनी आणि अल्गो पुरविणाऱ्यांनी यंत्रांना शिकविण्यासाठी कोणाच्या संमतीने आणि कोणत्या अटींवर वापरावी, याचेही स्पष्ट नियम व्हायला हवेत. ग्राहकाच्याच तोट्याची वही वाचून ग्राहकाच्याच विरुद्ध बाजूस उभे राहणारे यंत्र घडविले जाणार नाही, एवढी हमी तरी त्याला मिळाली पाहिजे.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. विदा कुलपात ठेवून राष्ट्र शहाणे होत नाही. बाजाराच्या प्रत्येक मागणीची तपशीलवार नोंद विकत घेणे आज आपल्या महाविद्यालयांना आणि छोट्या संशोधकांना परवडणारे नाही. धनाढ्य व्यापारसंस्थांना ते सहज परवडते. सेबीने २०१९ मध्ये नवप्रयोगांसाठी इनोव्हेशन सँडबॉक्सची चौकट आखली होती. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया एआय मिशनला मान्यता दिली आणि २०२५ मध्ये त्याअंतर्गत एआयकोश हा विदासंचांचा मंच सुरू झाला. या दोहोंची सांगड घालून काही वर्षे जुन्या झालेल्या, व्यक्तीची ओळख काढून टाकलेल्या बाजारविदेचे संच विद्यापीठांना माफक दरात का मिळू नयेत? त्यात गळालेल्या कंपन्याही असाव्यात आणि चुकीच्या मागण्यांच्या क्षणांवर स्पष्ट खुणा असाव्यात. पुणे, नागपूर, सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला शुद्ध वहीवर शिकायला मिळाले, तर तोच विद्यार्थी उद्या बाजारातील फेरफार शोधून काढणारी यंत्रेही घडवील. सेबीला अशा यंत्रांची आणि अशा माणसांची नितांत आवश्यकता आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आपल्याच मंडळींना द्यायला हवी. हा प्रश्न ‘विदेशी विरुद्ध स्वदेशी’ एवढाच आहे, अशी समजूत करून घेणे सोयीचे असले, तरी सत्य तसे नाही. २०२३-२४ च्या आकड्यांत विदेशी संस्थांपेक्षा देशातील दलाली संस्थांचा नफा अधिक होता, हे वर आलेच आहे. खोटी वही मराठी तरुणाने लिहिली म्हणून ती खरी होत नाही आणि गरिबाची बचत देशी यंत्राने ओढून नेली म्हणून ते राष्ट्रकार्य ठरत नाही. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. अर्थाचा अभाव जसा समाजाला घातक, तसाच अर्थाचा प्रभावही घातक, हा त्यांच्या अर्थविचाराचा गाभा आहे. भांडवली बाजाराचे प्रयोजन उद्योगाला भांडवल मिळवून देणे हे आहे. वायदे आणि ऑप्शनचेही प्रयोजन आहे. शेतमालाचा व्यापारी, निर्यातदार, म्युच्युअल फंड यांना जोखीम वाटून घेण्याचे ते साधन आहे. त्यासाठी बाजारात सतत खरेदीदार आणि विक्रेते असावे लागतात आणि यंत्रे ते काम चांगले करतात. म्हणून यंत्रे हद्दपार करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न मर्यादेचा आणि धर्माचा आहे. साधन जेव्हा प्रयोजन गिळून टाकते, तेव्हा त्याला लगाम घालणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरते.

लगाम नसेल तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या बलाढ्य संस्थेने नवी आज्ञावली बसविली. आठपैकी एका संगणकावर ती बसवायची राहून गेली आणि तेथे पडून असलेला जुना भाग जागा झाला. पाऊण तासात संस्थेचे सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले आणि काही महिन्यांतच तिला दुसऱ्या संस्थेत विलीन व्हावे लागले. हे यंत्र स्वत: शिकणारेही नव्हते. जे यंत्र स्वत:च्याच व्यवहारांतून रोज नवी वही लिहिते आणि त्या वहीवर रोज नव्याने शिकते, त्याच्या बाबतीत धोका अधिक सूक्ष्म आहे. त्याच्याच खरेदीने भाव वाढतो, वाढलेला भाव त्याच्या वहीत यश म्हणून लिहिला जातो आणि त्या यशावरून ते आणखी खरेदी करायला शिकते. अशा यंत्राला फेरफार करण्याची आज्ञा कोणी दिलेली नसते, तरीही ते फेरफार शिकू शकते. तेव्हा ‘यंत्राने केले, आम्ही नाही’ हा बचाव कायद्याने कधीही मान्य करू नये. सेबीच्या नियमनाखालील संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने स्वत: बनविली असोत वा विकत घेतली असोत, त्यांच्या परिणामांची जबाबदारी त्या संस्थेचीच राहील, असे २०२५ मधील नियमदुरुस्तीने ठरले आहे. आता त्याच्या जोडीला शिकवणीच्या वहीचीही तपासणी व्हायला हवी. जसा ताळेबंदाला सनदी लेखापाल लागतो, तसा यंत्राच्या रोजकीर्दीलाही स्वतंत्र तपासनीस लागेल. हा नवा व्यवसाय आहे आणि त्यासाठी लागणारी गणिताची व हिशेबाची परंपरा आपल्याकडे मुबलक आहे.

संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी आपापल्या वस्तीत, महाविद्यालयांत, गृहनिर्माण संस्थांत एखादी संध्याकाळ या विषयासाठी द्यावी. चढत्या आलेखाच्या मागची वही कशी वाचायची, एवढे जरी दहा कुटुंबांना समजावून सांगितले, तरी एखाद्या घराची आयुष्यभराची पुंजी वाचेल. यंत्रशिक्षणाचे विद्यार्थी असलेल्या स्वयंसेवकांनी स्वत:शी एक नियम करावा: ज्या वहीतील प्रत्येक ओळ आपण चारचौघांत वाचून दाखवू शकत नाही, त्या वहीवर यंत्र शिकवायचे नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतो, तेव्हा पुढच्या पानांवर खरेच लिहू, असा तो संकल्प असतो. आता वह्या संगणकात गेल्या आणि त्या लिहिणारे हातही यंत्राचे झाले, तरी संकल्प करणारा माणूसच आहे आणि तो सुटलेला नाही. शिदोरी आपल्या घरची असेल, तर ती कोणाच्या हाती द्यायची आणि त्यातून कोणाचे पोषण व्हायचे, हे ठरविण्याचा अधिकारही आपलाच आहे. तो आपण सजगपणे बजावला पाहिजे.